सड्यावरचे हिरवे करड

१७ ऑक्टोबर २००४, रविवार. रक्कम पंधराशे रुपये, तीन हंगामांच्या गवताची, आगाऊ. हजर चौघे: जमिनीचे मालक, त्यांची पत्नी, माझी वहिनी आणि मी. पैसे वहिनीने मोजून दिले, मालकांच्या पत्नीने पुन्हा मोजले, आणि मालकांनी ते न मोजता सदऱ्याच्या खिशात ठेवले. कागद केला नाही. मालक निवृत्त मास्तर होते. कट्टा हे आमचे बाजाराचे गाव; त्याच्या पलीकडे चर्चच्या वाटेवर त्यांचे घर. गावातल्या निम्म्या लोकांना पाढे त्यांनीच शिकवले होते, मलाही. त्यांच्याशी कागद करायचा हे कोणाला सुचलेच नसते.

"तीन वर्सां तुमची," मास्तर म्हणाले. "कापा नायतर चरवा. पण माझो गडगो मोडूक नको."

"म्हशी काय गडग्यार चढतत, मास्तरांनू?" वहिनीने विचारले.

"तुझ्यो म्हशी सड्यार चढतत. गडग्याचा काय सांगतंस माका."

सगळे हसले, मास्तरांच्या पत्नीने चहा आणला आणि व्यवहार झाला.

सडा म्हणजे आमच्या गावामागचे जांभ्या दगडाचे पठार. वर माती वीतभर, कुठे तेवढीही नाही. पावसाळ्यात तिथे करड नावाचे गवत उगवते, कमरेपर्यंत येते, दिवाळीनंतर तांबूस पडू लागते आणि डिसेंबर संपेपर्यंत वाळून उभे राहते. वाळलेले करड म्हशी खातात, पण पोट भरण्यापुरते; त्याने दूध वाढत नाही. मास्तरांच्या जमिनीतला एक तुकडा मात्र वेगळा होता. गडग्याला, म्हणजे दगड रचून केलेल्या कुंपणाला, लागून अर्ध्या एकराच्या आतबाहेर. आजूबाजूचे सगळे करड लाल झाले तरी तो हिरवा राही, आणि कापला तर पुन्हा फुटे. हे आधी म्हशींच्या लक्षात आले. सोडल्या की त्या तिकडेच चालू लागत. मग ते वहिनीच्या लक्षात आले.

तो तुकडा हिरवा का राहतो याबद्दल गावात दोन मते होती. काहींच्या मते खाली झरा आहे. काहींच्या मते ती देवचाराची, म्हणजे गावच्या राखणदाराची, जागा आहे, तिथे त्याचा वावर असतो, म्हणून गवत मरत नाही. मास्तर ख्रिश्चन. आमचा देवचार त्यांना चेष्टेपुरताच लागे. ते म्हणत, "देवचार थंय रवता तर तेका इचारा, भाडा कोणाक देता. माका तर एक पैसो मेळूक नाय."

वहिनीला त्या तुकड्याची एवढी गरज का होती, ते सांगायला हवे. माझा थोरला भाऊ गोव्यात, म्हापशाजवळच्या एका हॉटेलात स्वयंपाकी होता. लग्नानंतरची बहुतेक वर्षे तो तिकडे आणि वहिनी इकडे, आमच्याबरोबर. महिन्यातून एकदा तो यायचा, दोन दिवस राहायचा. मी कुडाळच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात हिशेबाचे काम करतो, रोज संध्याकाळी घरी येतो. हा फरक वहिनीने कधी बोलून दाखवला नाही, पण संध्याकाळी माझ्या स्कूटरचा आवाज आला की ती उठून गोठ्यात जायची, हे मला माहीत होते. तिच्या तीन म्हशी होत्या. दूध कट्ट्याच्या हॉटेलांत जायचे. पावसाळ्यापासून संक्रांतीपर्यंत दूध भरपूर. फेब्रुवारीपासून ते आटत जायचे आणि एप्रिल-मेमध्ये घाटावरून येणारा पेंढा विकत घ्यावा लागायचा. सात महिने जे मिळायचे ते दोन महिन्यांत जायचे. धंदा वाईट नव्हता, उन्हाळा वाईट होता.

एकदा भाऊ फोनवर बोलत असताना वहिनीने रिसीव्हर माझ्या कानाला लावला. भाऊ म्हणत होता, "पाच म्हशी बारा म्हयने दुधार रवल्यो, तर मी हॉटेल सोडून घराक येतंय."

"ऐकलात मा, भावजी?" वहिनी म्हणाली. "तुम्ही साक्षीक."

मास्तरांच्या गवताचे पंधराशे रुपये तिने त्यानंतर आठवड्याने काढले.

पहिल्या हंगामात त्या तुकड्याने मार्चपर्यंत साथ दिली. त्याच जानेवारीत वहिनी म्हशी घेऊन सड्यावर गेली असताना तिला एक मुलगी उन्हात पालथी पडलेली दिसली. वहिनीला वाटले, चक्कर आली असेल. जवळ जाऊन पाहते तर ती भिंगातून गवताचे खोड न्याहाळत होती.

"गो बाय, काय हरवला तुझा?"

"काही नाही. गवत बघतेय."

"गवत आमी पण बघतो. पण आडवे पडान नाय."

ती मुलगी शेतकी महाविद्यालयात संशोधन करत होती. कोकणातल्या सड्यांवरची गवते गोळा करणे हे तिचे काम. वहिनी तिला पाणी प्यायला घरी घेऊन आली आणि त्यानंतर ती आमच्याकडे येतच राहिली. आम्ही तिला बाई म्हणत असू, वयाने लहान असली तरी.

फेब्रुवारीत बाईंनी सूक्ष्मदर्शक आणला. पडवीतल्या टेबलावर ठेवला, हिरव्या तुकड्यातल्या गवताच्या खोडावरचे पातळ साल सोलले, काचेवर ठेवून निळ्या रंगाचा थेंब टाकला आणि मला बघायला सांगितले. मला प्रथम काहीच दिसले नाही. मग चिरेबंदी भिंतीसारखे काहीतरी दिसले: चिऱ्यावर चिरा रचावा तशा लांबट पेशी. आणि चिऱ्यांच्या सांध्यांतून, अगदी सांध्यांतूनच, नागमोडी निळे दोरे गेलेले. चिरा कुठेही फुटलेला नव्हता.

"ही बुरशी आहे," बाई म्हणाल्या. "शास्त्रात हिला एंडोफाइट म्हणतात. म्हणजे झाडाच्या आत राहणारी."

वहिनीने एक डोळा मिटून बराच वेळ पाहिले. "बुरशी म्हणजे लोणच्यार येता ती?"

"लांबची नातेवाईक म्हणा. लोणच्यावरची नासवते. ही नासवत नाही. जन्मभर गवताच्या आत राहते, बाहेरून कधी दिसत नाही. गवताला बी धरलं की बियात शिरते. ते बी रुजलं की नव्या रोपात असतेच. आईकडून लेकीकडे."

"आणि भाडा काय देता?"

बाईंना मास्तरांची चेष्टा माहीत नव्हती, पण प्रश्न कळला. त्यांनी समजावून सांगितले. गवत बुरशीला साखर देते आणि राहायला जागा देते. त्या बदल्यात काही बुरश्या गवताला पाण्याच्या ताणात सांभाळतात. अशा गवताची मुळे जास्त पसरतात, पाने पाणी जपून वापरतात, किडे त्याला कमी तोंड लावतात, कापल्यावर ते लवकर फुटते. "सगळ्याच गवतांत असं होत नाही," त्या म्हणाल्या. "आणि नेमकं कसं होतं, तेही पूर्ण कळलेलं नाही. कदाचित तुमच्या तुकड्यात हेच असेल. कदाचित खरंच खाली झरा असेल."

मी विचारले, म्हशींना बाधत नाही ना. त्या म्हणाल्या, थंड देशांत अशा एका गवताने गुरे आजारी पडतात, लंगडतात, कारण तिथली बुरशी विष करते. इथे तसे दिसलेले नाही, तरी नुसते हेच खायला घालू नका, पेंढ्यात मिसळा. वहिनी तसे आधीपासूनच करत होती, काटकसर म्हणून.

झऱ्याचा प्रश्न बाईंनी महाविद्यालयात सोडवला. त्या वर्षीचे बी नेऊन त्यांनी कुंड्यांत पेरले. निम्म्या बियांतली बुरशी आधी औषधाने मारली होती, निम्म्यांतली तशीच ठेवली. माती एक, पाणी एक. मग पाणी तोडले. दिवाळीला त्या फोटो घेऊन आल्या. एका रांगेतल्या कुंड्या वाळलेल्या, दुसऱ्या रांगेतल्या हिरव्या. कुंड्यांखाली झरा असण्याचा प्रश्न नव्हता. बाई दोनदा म्हणाल्या की हे लहान काम आहे, फार विसंबू नका. पण मी हिशेबाचा माणूस. दोन रांगांत एकच फरक ठेवला आणि निकाल वेगळा आला, तर कारण तेवढेच, एवढे मला कळते. मी ते वहिनीला सांगितले. तिला सांगायची गरज नव्हती. ती फोटो दिव्याखाली धरून उभी होती.

आमची स्वतःची वीस गुंठे वरकस, म्हणजे भात न होणारी उताराची जमीन होती. पूर्वी तिच्यात नाचणी व्हायची, आता बरीच वर्षे पडीक. मास्तरांचा सडा तीन वर्षांपुरता होता, वरकस आमची होती. ठरले की तिथे तेच करड लावायचे.

नोव्हेंबर २००५ मध्ये मी, माझी बायको, वहिनी आणि बाई अशा चौघांनी त्या तुकड्यातले बी ओरबाडून गोळा केले. ते कुसळाचे बी, कपड्यांना टोचते. आठवडाभर आम्ही सगळे खाजवत होतो. पाखडून, निवडून दोन पिशव्या भरल्या. पेरणी जूनमध्ये, म्हणजे बी सात महिने सांभाळायचे होते. बाई पडवीत चहा पिताना म्हणाल्या, "एवढं करा, बी कोरडं ठेवा. तुमची हवा दमट. ओल लागली तर सगळं जाईल."

"आमच्या घरात बियाक ओल?" वहिनी हसली. "बाये, चहा घे तू."

आमच्याकडे बी कोरडे ठेवायचे म्हणजे एकच जागा असते. चुलीवर, हात वर केला की पोहोचेल इतक्या उंचीवर, एक जाड फळी टांगलेली असते. तिच्यावर सोलां म्हणजे आमसुले, सुका जवळा, मिरच्या, आणि राखेत घोळवलेले दोडक्याचे, काकडीचे, भोपळ्याचे बी. खाली सकाळ-संध्याकाळ जाळ, वर धूर आणि ऊब. गॅस आला तरी भात आणि आंघोळीचे पाणी चुलीवरच व्हायचे, ते मुख्यतः या फळीसाठी. माझ्या आईने तसे केले, तिच्या सासूने तसे केले. आमच्या घरातले बी कधी कुजले नाही, कधी किडले नाही. लोक वहिनीकडे बी मागायला यायचे. तिने करडाच्या दोन्ही पिशव्या फडक्यात गुंडाळून फळीच्या मधोमध ठेवल्या, जिथे ऊब सर्वांत जास्त. सर्वांत चांगली जागा तिने त्यांना दिली.

बाई पाहुण्या होत्या, म्हणून त्यांचा चहा नेहमी पडवीत जायचा. आमचे स्वयंपाकघर त्यांनी तोपर्यंत पाहिले नव्हते.

जून २००६ मध्ये पेरले. इतके दाट उगवले की विरळ करावे लागले. पावसाळाभर वरकस हिरवीगार. चतुर्थीला भाऊ आला, गवतात कमरेपर्यंत उभा राहिला. मग म्हणाला, "हॉटेलात सांगतंय. मे म्हयन्यात सुटतंय." त्याने खरेच सांगितले. ऑक्टोबरात वहिनीने आणखी दोन म्हशी घेतल्या. पाच झाल्या.

नोव्हेंबरात एका सकाळी मास्तर आमच्या पायरीशी आले. आत या म्हटले तरी आत आले नाहीत. त्यांच्या मुलाने गोव्यात फ्लॅट घेतला होता, पैसे हवे होते, म्हणून सड्यावरची जमीन त्यांनी चिरेखाणीला दिली होती. गडग्याकडून काम सुरू होणार होते.

"तुमचा तिसरा वर्स रवता," मास्तर म्हणाले. "पाचशे रुपये मी परत देतंय. नायतर मशीन येवच्या आदी काय होया तां न्हेवा. बी होया तर बी, खोडां होयी तर खणून न्हेवा. माका काय तेचा करूचा?"

वहिनी गोठ्यातून हात पुसत आली होती. "नको मास्तरांनू. आता आमचा आमच्याकडे आसा."

"बघ गो. मगे मेळूचा नाय."

"बघून काय करू? वरकशीत पाय ठेवूक जागा नाय. आणि ते पाचशे रवांदेत. दुसरो तुकडो आसा मा तुमचो खाली? पुढच्या वर्सा थंयचा गवत द्या."

मी शेजारी उभा होतो. मलाही तिचे म्हणणे बरोबर वाटले. मी हाताने वरकशीच्या दिशेने दाखवले, इतकी ती तिथून हिरवी दिसत होती. मास्तर मान हलवून गेले. खाण काही आम्ही थांबवू शकलो नसतो, आणि मास्तरांचा मुलगा मास्तरांचाच होता. पण ती पायरी आणि ती सकाळ मला अजून आठवते. एक घमेले आणि एक कुदळ घेऊन अर्ध्या दिवसाचे काम होते.

आठ-दहा दिवसांत यंत्र आले. चिरे कापणाऱ्या यंत्राचा आवाज आमच्या पडवीत दिवसभर यायचा.

डिसेंबरात वरकशीतले करड तांबूस पडले. प्रथम कडेने, मग मध्ये. वहिनी म्हणाली, जमीन नवी आहे, पहिले वर्ष आहे. ती सकाळी दूध काढून झाले की वरकशीत जाऊन यायची. नाताळापर्यंत आमचे गवत आणि शेजाऱ्यांचे गवत यांत काही फरक उरला नाही. मी बाईंना फोन केला.

जानेवारीत त्या आल्या. तोच सूक्ष्मदर्शक, तोच निळा रंग. मी पाहिले: चिऱ्यावर चिरा, सांधे मोकळे. निळा दोरा कुठेच नव्हता. बाईंनी वरकशीच्या चारही कोपऱ्यांतली खोडे आणली, मधली आणली. दुपार त्यात गेली. शेवटी त्यांनी विचारले, "बी ठेवलं कुठे होतं?"

वहिनी त्यांना आत घेऊन गेली. मी मागे गेलो. चूल संध्याकाळच्या भातासाठी पेटलेली होती. वहिनीने फळी दाखवली. बाईंनी हात वर करून फळीवर ठेवला आणि लगेच काढून घेतला.

"इथे? सात महिने?"

"मधोमध. ओल लागाक नको म्हणान."

बाईंनी वाकून खालचा जाळ बघितला. मग म्हणाल्या, "बी ऊब सोसतं. आतली बुरशी नाही सोसत. तिला थंड जागा लागते. बी जिवंत राहिलं आणि ती आतल्या आत मेली."

"पण बी तर उगावला. सगळा उगावला."

"तिच्याशिवाय उगवलं."

वहिनी म्हणाली, "तू म्हणालंस, कोरडा ठेव."

"हो. म्हणाले." बाईंचा आवाज खाली गेला. "कुठे ठेवणार, ते विचारायला हवं होतं मी."

"तू कित्याक इचारतलंस? तुका काय म्हायती आमची चूल." वहिनीने भाताचे झाकण काढले, ढवळले, परत ठेवले. "भाडेकरू गेलो. घर तेवढा रवला."

मला वाटले ती रडेल. ती रडली नाही. तिने बाईंना जेवायला थांबवून घेतले, आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्यांचे पान पडवीत न मांडता आत, चुलीपाशी मांडले.

रात्री बाई आमच्याकडेच राहिल्या आणि दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर त्या, वहिनी आणि मी सड्यावर गेलो. गडगा नव्हता. हिरव्या तुकड्याच्या जागी माणूस आत उभा राहिला तर दिसणार नाही इतका खोल चौकोनी खड्डा होता. त्याच्या लाल भिंती सुरीने कापल्यासारख्या सरळ. काढलेले चिरे रचून ठेवलेले. वरची माती खरवडून एका बाजूला ढीग केला होता. बाईंनी तो ढीग हाताने उकरला. आम्हीही उकरला. गवताच्या बुंध्यांचे वाळके झुबके निघाले. त्यांतले चार-पाच बाईंनी कागदात बांधून नेले. पुढच्या आठवड्यात त्यांचा फोन आला, एकही फुटला नाही. महाविद्यालयातले उरलेले बी त्यांनी थंड जागी न ठेवता साध्या कपाटात ठेवले होते. ते रुजवून पाहिले तर त्यातही बुरशी जवळजवळ संपलेली. त्यांच्याकडे जुन्या कुंड्यांतली, बुरशी असलेली दोन रोपे तेवढी जिवंत होती. ती पावसाळ्यात आणून देते म्हणाल्या.

मार्च गेला. पाच म्हशींना घाटावरचा पेंढा लागू लागला. एप्रिलमध्ये एका संध्याकाळी वहिनी माझ्यासमोर येऊन बसली. "भावजी, आकडो सांगा."

मी तिला आकडा सांगितला. पेंढा इतका, दूध इतके, पावसापर्यंत दिवस इतके. तिन्ही कितीही वेळा मांडले तरी पाच म्हशींचे बसत नव्हते, तिनांचे जेमतेम बसत होते, आणि तीन म्हशींवर भाऊ परत येऊ शकत नव्हता. मी आकडा थोडा मऊ करून सांगू शकलो असतो. तिने तो मऊ करून विचारला नव्हता.

भावाने हॉटेलात आधीच सोडतो म्हणून सांगितले होते. त्याच्या जागी दुसरा माणूस ठरला होता. त्याला परत जाऊन मालकाला विचारावे लागले. मालकाने ठेवून घेतले, पण मुख्य स्वयंपाकी म्हणून नाही, भाज्या चिरणाऱ्यांत. हे त्याने आम्हाला सांगितले नाही. ते वहिनीला तिकडे गेल्यावर कळले.

मे महिन्यात म्हशी विकल्या. तीन कट्ट्यालाच गेल्या, दोन कुडाळच्या बाजारात. टेम्पोत चढवताना सर्वांत जुनी म्हैस चढेना. वहिनीने तिच्या कानाशी काहीतरी म्हटले आणि ती चढली. मग वहिनी मला म्हणाली, "तो येवक शकणा नाय, तर मी जातंय." एका खोलीत दोघांनी राहायचे ठरले होते.

निघायच्या आदल्या दिवशी मास्तर पाचशे रुपये घेऊन आले. वहिनीने हात मागे घेतला.

"आता नको, मास्तरांनू. घेतलंय तर वेव्हार मिटलो. मी परत येतलंय, म्हशी बांधतलंय, तेवा गवत द्या."

"मी सत्तरीचो झालंय गो."

"मगे बरे रवा."

मास्तरांनी पैसे परत खिशात ठेवले. चिरेखाणीचे नाव त्यानंतर मी त्यांच्या तोंडून ऐकले नाही.

जूनमध्ये बाईंनी दोन कुंड्या आणून दिल्या. त्यांचे संशोधनाचे पैसे संपत आले होते. त्यानंतर त्या विदर्भात नोकरीला गेल्या. आम्ही दोन्ही रोपे विहिरीच्या कठड्याबाहेर लावली. एक मेले. दुसरे तगले. मी दर पावसाळ्यात त्याचा झुबका फोडून वेगळे करत गेलो. बी धरले तर चुलीकडे नेले नाही, लगेच मातीत टाकले. एकाचे चार, चारांचे दहा-बारा, काही मेले, काही गुरांनी उपटले. जोर लावला तरी असे गवत सावकाशच वाढते. वहिनीला मी फोनवर सांगायचो. ती विचारायची, "हिरवा आसा?" मी म्हणायचो, आहे. फेब्रुवारीतही आहे. ती म्हणायची, "बरा." एवढेच.

२०१० मध्ये चतुर्थी ११ सप्टेंबरला होती. भाऊ आणि वहिनी आले. भाऊ आता पुन्हा मुख्य स्वयंपाकी झाला होता, थोडा सुटला होता. वहिनी आल्या आल्या विहिरीकडे गेली. कठड्यापासून परसाच्या टोकापर्यंत करडाची पट्टी झाली होती. तिने एक पान तोडून दाताखाली धरले, जसे ती पूर्वी धरायची.

"कितक्या म्हशींचा होयत?"

"एका म्हशीचा," मी म्हणालो. "तांही निम्म्या वर्साचा."

"आणि पाच म्हशींचा?"

मी मनात मांडले. "अजून सहा-सात वर्सां."

ती हसली. "भावजी, तुम्ही एकदा तरी खोटा सांगा माका."

गोठ्यात माझी स्कूटर आणि लाकडे होती. शेजाऱ्यांची गाय गडग्यावरून मान घालून त्या पट्टीकडे बघत उभी होती. वहिनीने थोडे गवत कापून तिच्यापुढे टाकले.

तिसऱ्या दिवशी मास्तर पत्नीला घेऊन नेवऱ्या, म्हणजे करंज्या, खायला आले. काठी घेऊन, हळू. खाऊन झाल्यावर त्यांनी खिशातून नोटा काढल्या आणि पाटावर ठेवल्या.

"सांग गो बाय. खालचो तुकडो आसा अजून. गवत होया, की पैशे?"

वहिनीने भावाकडे पाहिले. भाऊ गोठ्याकडे बघत होता. मग तो म्हणाला, "तुका काय वाटता तां."  मग तिने हात पुढे केला.

१३ सप्टेंबर २०१०, सोमवार. रक्कम पाचशे रुपये, तिसऱ्या हंगामाच्या गवताची, परत. हजर पाचजण: मास्तर, त्यांची पत्नी, माझा भाऊ, वहिनी आणि मी. पैसे मास्तरांनी दिले, वहिनीने घेतले. कोणी मोजले नाहीत.